कोकणच्या बेने इस्रायलांचे संस्थाजीवन

महाराष्ट्रातील ज्यू समाजाविषयी मराठीत जे काही लिहिले गेले आहे, त्यातील बहुतेक लेखन नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेल्या जहाजाच्या कथेपाशी सुरू होते आणि इस्रायलला गेलेल्या कुटुंबांपाशी येऊन संपते. या दोन जलप्रवासांच्या मधल्या काळात, विशेषतः १७९६ पासून आजपर्यंतच्या सव्वादोनशे वर्षांत, हा समाज मुंबईत, ठाण्यात, पुण्यात आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात प्रत्यक्ष कसा नांदला, वर्गणी कशी जमवीत होता, सभा कोणत्या निमित्ताने भरवीत होता आणि कोणत्या निमित्ताने उधळून लावीत होता, याची पृच्छा त्या मानाने कमीच झालेली दिसते. समाजाचा इतिहास त्याच्या उगमापेक्षा त्याच्या जमाखर्चाच्या वह्यांतून अधिक नीट कळतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत असल्यामुळे या लेखात उगमाची चर्चा बाजूस ठेवून बेने इस्रायल म्हणविणाऱ्या या कोकणी ज्यूंच्या संस्था, त्यांचे उपक्रम, उत्सव आणि सभासंमेलने यांचाच विचार करावयाचा आहे.

अठराव्या शतकात तेलाचे घाणे, शेती आणि सुतारकाम हे पिढीजात धंदे सोडून ही मंडळी कोकणातून मुंबईत उतरू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्यापैकी कित्येक जण कंपनी सरकारच्या पलटणींत दाखल झाले आणि सुभेदार-जमादारांच्या हुद्द्यापर्यंत चढलेल्या अशाच माणसांच्या हाती समाजातील पहिला पैसा आणि पहिला अधिकार आला. सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे त्यांतील अग्रणी. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता असे परंपरा सांगते. नवस खरा असो वा नसो, १७९६ मध्ये मांडवी भागात शाआर हारहमीम हे मंदिर उभे राहिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. आसपासचे लोक त्याला मशीदच म्हणत. १८४० मध्ये भाऊबंदकीतून दुसरे मंदिर निघाल्यावर पहिले 'जुनी मशीद' आणि दुसरे 'नवी मशीद' झाले, आणि मशीद बंदरच्या स्थानकाचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगणारे लोक आजही भेटतात.

या मंदिराबरोबर जी व्यवस्था आली, ती लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. रब्बी हा धर्मशास्त्री या समाजापाशी मुळात नव्हता. कोचीहून आलेले ज्यू शिक्षक आणि पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा यांनी हिब्रूचे पाठ दिले, पण कारभार चालविला तो संसारी माणसांनी. सभेचा प्रमुख तो मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुले, पैशाचा हिशेब ठेवणारा गब्बाई, प्रार्थना चालविणारा हझान, दिवाबत्ती व झाडलोट पाहणारा शमाश, आणि लग्ने-तंटे निकालात काढणारा काझी: मुकादम आणि चौगुले कोकणच्या गावगाड्यातले, काझी मुसलमानी अमलातला, आणि उरलेले तिघे जेरुसलेमच्या परंपरेतले, असे हे मंडळ होते. पुढे या मंडळांचे रूपांतर विश्वस्त निधींत झाले, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतर त्यांच्या वह्या धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी जाऊ लागल्या, आणि मुकादमाच्या जागी अध्यक्ष व गब्बाईच्या जागी खजिनदार आले. परंतु निवडणुकीच्या दिवशी होणारी गरमागरमी मात्र जुन्या चौगुल्यांच्या काळाशी इमान राखून आहे, असे म्हणतात.

सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. मिन्यान नावाच्या या नियमाने बेने इस्रायलांच्या संस्थाजीवनाचा सारा नकाशा आखला आहे, असे मी समजतो. दहा माणसे जमतील तिथे मंदिर, आणि मंदिर असेल तिथे दहा माणसे टिकली पाहिजेत, या दुहेरी सक्तीमुळे एकोणिसाव्या शतकात अलिबागचे मागेन अबोथ, पनवेलचे बेथ एल, पेणचे बेथ हाएलोहीम, ठाण्याचे १८७९ चे शाआर हाशामाईम, शिवाय रेवदंडा, बोर्ली, म्हसळे, मुरुड, नांदगाव, आंबेपूर अशा ठिकाणी लहानमोठी मंदिरे झाली. पुण्यात १८६७ मध्ये पुरे झालेले, विटांच्या रंगामुळे 'लाल देऊळ' म्हणून ओळखले जाणारे ओहेल दाविद हे डेव्हिड ससून यांचे, म्हणजे बगदादी ज्यूंचे. बेने इस्रायलांनी तेथे आपले स्वतंत्र सुक्कथ श्लोमो पुढे १९२१ मध्ये बांधले. या वेगळेपणामागे कडवट इतिहास आहे. बगदादी मंडळी कोकणच्या ज्यूंच्या कुलशुद्धीविषयी शंका घेत, त्यांना मिन्यानमध्ये धरावयास कां-कूं करीत, आणि रंगूनच्या मंदिरातील मताधिकाराचा तंटा तर १९३० च्या दशकात तेथील हायकोर्टापर्यंत जाऊन बेने इस्रायलांच्या बाजूने सुटला. ज्यांना दुसऱ्याच्या मंदिरात दहावा माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांनी स्वतःच्या संस्था इतक्या हौसेने का काढल्या, याचे एक कारण येथे सापडते.

मंदिरांपेक्षाही ज्या उपक्रमांनी या समाजाला घडविले, ते पुस्तकांचे आणि शाळेचे. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा उद्देश बेने इस्रायलांना ख्रिस्ताकडे वळविण्याचा होता, परंतु विद्यार्थ्यांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी, म्हणजे हगादा, हिब्रूसह मराठी भाषांतरात शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या दुसऱ्या हगादेत तर चित्रेही आहेत, आणि त्यांत बेखमीर भाकऱ्या लाटणाऱ्या बाया नऊवारी लुगड्यांत आहेत. मिसर देशातील गुलामगिरीची गोष्ट सांगताना चित्रकाराने स्वयंपाकघर आपल्या शेजारचे काढावे, याहून त्या समाजाच्या मनःस्थितीचा अधिक प्रामाणिक पुरावा कोणता असेल? जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी प्रार्थनापुस्तके व अन्य ग्रंथ मिळून वीसच्या आसपास पुस्तके मराठीत आणली. ते मुंबईतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही. त्यांच्या पुस्तकांचा परिणाम असा झाला की, ज्या घरी हिब्रूचे अक्षर ओळखणारे कोणी नव्हते, त्या घरीही रोश हशानाची प्रार्थना अर्थासह वाचता येऊ लागली.

ज्यांना वाचनाचीही सवय नव्हती, त्यांच्यासाठी कीर्तन होते. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी बेने इस्रायल कीर्तनाची परंपरा सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, झांज आणि आख्यान यांचा सारा साज हरिदासी पद्धतीचा. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे किंवा एस्तेर राणीचे. श्रोत्यांत प्रार्थनासमाजी व वैष्णव शेजारीही येऊन बसत असावेत, असे मला वाटते, कारण गिरगाव-माझगावच्या चाळींत ऐकू आलेले कीर्तन कोणाचे, हे विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कीर्तनांना जागा नाही. ख्रिस्ती कीर्तनांची दखल घेणाऱ्यांनी यांच्याकडे वळून पाहिले नाही, ही गोष्ट खेदाची म्हणावी लागेल.

शाळेच्या बाबतीत एका माणसाचे नाव टाळता येत नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर हे अलिबागजवळच्या किहीम गावावरून आडनाव घेतलेल्या घराण्यातील सरकारी नोकर. तरुण वयात त्यांनी भावांना व मित्रांना घेऊन समाजहिताची मंडळी काढली, आणि १८७५ मध्ये तिच्याच प्रयत्नांतून इस्रायलाइट स्कूल उघडले. मुलांना मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही यावीत, हा त्यांचा आग्रह. आणि पैसा समाजात पुरेसा नसल्यामुळे लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे अर्जांमागून अर्ज पाठविण्याचा चिवटपणा हा त्यांचा स्वभाव. याच असोसिएशनला समाजाची खरी हकिकत कळावी म्हणून त्यांनी आपल्या लोकांचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ च्या सुमारास तो पुरा झाला. छापला गेला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक दिवंगत होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर. देणगीदारांना पटविण्यासाठी लिहिलेले हे पुस्तक आज या समाजाच्या चालीरीतींचे सर्वांत भरवशाचे साधन ठरले आहे, आणि संस्थेसाठी मदत मागण्यातून इतिहासग्रंथ निपजल्याचे असे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण अशी जी सणांची मराठी नावे आज अभ्यासक मोठ्या कौतुकाने उद्धृत करतात, त्यांची यादी केहीमकरांमुळेच उरली.

या शाळेला पुढे हाँगकाँग-शांघायचे धनिक सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव मिळाले, आणि माझगावात ती आजही चालू आहे. तिच्या उत्तम दिवसांचा मान रेबेका रूबेन यांचा. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या बाईंनी बेने इस्रायल वार्षिकाचे संपादन केले आणि १९२२ पासून सुमारे तीन दशके शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. मुली शिकल्या पाहिजेत हे म्हणणारे त्या काळात पुष्कळ होते. मुलींना शिकवून त्यांना शिक्षिका, परिचारिका आणि डॉक्टर होईपर्यंत पाठीशी उभे राहणारी संस्था हातात असणारे थोडे होते. समाजाच्या स्त्री मंडळाने याच सुमारास व्याख्याने व वर्ग चालविले.

सभासंमेलनांचा काळ त्या मानाने लवकर आटोपला. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद भरली. लगोलग डेव्हिड एरुळकर आदींनी अखिल भारतीय इस्रायलाइट लीग काढली, कारण परिषदेने शिक्षण व समाजसुधारणा यांपलीकडे जाऊ नये असे एका पक्षाचे मत होते आणि राजकारणाबाबत गप्प बसणे दुसऱ्या पक्षास मान्य नव्हते. ठराव झाले, अहवाल छापले, वृत्तपत्रे निघाली, दोन्हींकडून लेखणी परजली गेली, आणि दशकभरात दोन्हींचा जोर ओसरला. दहा हजारांच्या आतबाहेर असलेल्या समाजाला दोन अखिल भारतीय संस्था पोसणे जड जाणारच होते. याहून अधिक टिकाऊ काम केले ते १९२५ च्या ज्यूइश रिलिजस युनियनने. लंडनच्या लिली माँटेग्यू यांच्या प्रेरणेने डॉ. जेरुशा झिराड यांनी ती स्थापिली; कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून मुंबईतील स्त्रीवैद्यकाला दिशा देणाऱ्या झिराड बाईंना प्रार्थनेत स्त्रियांना स्थान हवे होते, आणि रोदेफ शालोम या मंदिरातून तो विचार पुढे चालला. १९३० च्या दशकात जर्मनीतून निसटून आलेल्या निर्वासितांसाठी मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली, आणि त्याच दशकात डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले, म्हणजे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात या समाजाच्या माणसाला तेवढी प्रतिष्ठा लाभली होती.

मग १९४८ उजाडले आणि इस्रायल राष्ट्र उभे राहिले. बेने इस्रायलांना येथून कोणी हाकलले नाही. छळाची तक्रार त्यांच्यापैकी कोणी करीत नाही, आणि ही गोष्ट जगातील ज्यू स्थलांतरांच्या इतिहासात विरळा आहे. रेल्वे, टपाल-तार, कस्टम, इस्पितळे यांतील सरकारी नोकऱ्यांवर समाज पोसला होता. स्वराज्यानंतर त्या नोकऱ्यांत स्पर्धा वाढली, धर्माची ओढ होतीच, आणि एक भाऊ गेला की दुसऱ्याला जावेसे वाटे. १९५१ च्या जनगणनेत भारतात बगदादी व कोची धरून २६,५१२ ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत देशभर साडेचार हजारांच्या घरात, त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात. इस्रायलला गेल्यावरही वाट सोपी नव्हती. १९६२ ते १९६४ या काळात इस्रायलच्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करावी असे फर्मान काढले, त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, आणि अखेर १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान ज्यू ठरविले.

या ओहोटीचा संस्थांवर काय परिणाम झाला, हे पाहिले तर एक विलक्षण उलटापालट आढळते. पूर्वी पैसा थोडा, माणसे पुष्कळ आणि कार्यक्रम माणसांच्या उत्साहावर चालत. आता परदेशी संस्थांचा पैसा आला आणि माणसे विरळ झाली. १९६० च्या दशकात ओआरटी ही मूळची रशियातील, १८८० मध्ये स्थापन झालेली धंदेशिक्षणाची संस्था वरळीत आली. प्रथम मुलामुलींना तांत्रिक शिक्षण, मग हिब्रूचे व धर्माचे वर्ग, सुट्टीतील शिबिरे, आणि शनिवारच्या शब्बाथसाठी हल्लाचा पाव भाजणारी भट्टी असा तिचा व्याप वाढला. अमेरिकन जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटीने वृद्धांना व गरीब कुटुंबांना मदत, औषधे, सणाची सामग्री यांची तरतूद केली आणि मुंबईत सामाजिक केंद्र उभे करून तेथे व्याख्याने, स्नेहमेळावे, तरुणांचे वर्ग चालविले. ही मदत मोलाची आहे, यात संशय नाही. पण केहीमकरांच्या शाळेत मुले आपोआप येत आणि पैसा लंडनहून मागावा लागे. आता पैसा लांबून आपणहून येतो, आणि आठवड्याच्या वर्गाला मुले कोठून आणावी हा चिटणीसाचा प्रश्न असतो. सणावारी एका मंदिरातून दुसऱ्या मंदिरात माणसे उसनी न्यावी लागतात. सिम्हाथ तोराच्या रात्री मुंबई-ठाण्याची मंदिरे एकमेकांकडे पाहुणे पाठवितात, त्यामागे हौस असते तितकीच मिन्यानची काळजीही असते. आज ठाण्यातच या समाजाची वस्ती सर्वांत दाट आहे, त्यामुळे तेथील मंदिराला ही काळजी तूर्त कमी.

शाळांचे मात्र वेगळेच घडले. कदूरी शाळेत आणि भायखळ्याच्या मागेन दाविद मंदिराच्या आवारातील ससून घराण्याच्या शाळांत आज ज्यू विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, किंवा तेवढेही नाहीत. वर्ग भरलेले आहेत ते बहुतांशी आजूबाजूच्या मुसलमान वस्तीतील मुलामुलींनी. काही विश्वस्त पूर्वी याविषयी हळहळत. माझ्या मते हा त्या संस्थांचा सर्वांत मोठा विजय आहे. ज्यांच्यासाठी शाळा काढली ते निघून गेले, शाळा मोडली नाही, आणि शेजाऱ्याने तिचा लाभ घेतला. कळव्याच्या झोपडपट्टीत गॅब्रिएल प्रोजेक्ट या ज्यू संस्थेने २०१२ पासून मुलांना अभ्यासाबरोबर जेवण देण्याचा जो उपक्रम चालविला, त्यातही स्वयंपाक करणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या आहेत. त्याचीही दिशा हीच.

परंतु ज्या एका विधीला ना विश्वस्त लागला, ना देणगी, ना अहवाल, तो मलिद्याचा. लग्न ठरले, नवे घर घेतले, परीक्षेत मुलगा पास झाला, आजारी माणूस उठून बसला, की घरी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, मलिदा करावयाचा, हा बेने इस्रायल घरातला शिरस्ता. परातीत भिजवून निथळलेले पोहे, त्यांत गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलची, काजू-बेदाणे. भोवती केळी, खजूर, सफरचंद अशी पाच फळे आणि वर गुलाबाची फुले व सब्जाची काडी. दहा पुरुष असले तर उत्तम, नसले तरी घरचे पुरुष परातीभोवती बसून एलियाहूचे स्तोत्र हिब्रूत म्हणतात. मग झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून उगवलेल्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा, असे एकेक म्हणत प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवला जातो. शुक्रवारी संध्याकाळच्या किद्दुश या आशीर्वादविधीला द्राक्षासव कोठून मिळणार, म्हणून काळ्या मनुका पाण्यात भिजत घालून, कुस्करून, फडक्यातून गाळलेले सरबत वापरण्याची पद्धतही अशीच, कोणाच्या ठरावाविना पडलेली. अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावी खडकावर जी खूण आहे ती एलियाहूच्या रथाची मानली जाते, आणि झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, तू बिश्वाटला, तेथे कुटुंबेच्या कुटुंबे मलिद्याची सामग्री घेऊन जातात. शंभर वर्षांपूर्वीची परिषद आणि लीग आज नुसत्या नावाने उरल्या आहेत. मलिदा मात्र इस्रायलातील दिमोना आणि अश्दोद येथेही चालू आहे, आणि तिथे पोहे भारतीय दुकानांतून येतात.

मुंबईत घडलेल्या एका घटनेने मात्र या समाजाच्या सार्वजनिक उत्सवांचे रूप बदलून टाकले. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये असलेल्या खबाद केंद्राच्या संचालक दांपत्याची व अन्य ज्यूंची हत्या झाली. ते केंद्र २०१४ मध्ये पुन्हा उघडले. खबाद ही अमेरिकेतून चालणारी चळवळ. तिचे केंद्र मुख्यतः परदेशी प्रवाशांसाठी, आणि बेने इस्रायलांच्या कारभाराशी तिचा संबंध दूरचा. पण पोलीस पहारा सर्वच मंदिरांच्या दारात आला. गेटवेजवळ हनुक्काचे दिवे लावण्याचा खबादचा कार्यक्रम सर्वांसाठी खुला असतो हे खरे. मात्र मंदिराच्या दारात आता ओळखपत्र पाहून आत सोडतात, आणि पूर्वी कीर्तनाला सहज डोकावणाऱ्या शेजाऱ्याला आता आधी फोन करावा लागतो. यात कोणाला दोष देता येत नाही. तरीही या समाजाची जी सर्वांत मोठी जमा होती, ती म्हणजे शेजाऱ्यांशी असलेली निर्धास्त जानपछान, तिच्यावर या पहाऱ्याने भार टाकला आहे.

इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तेथे मराठीचे जे संसार मांडले, त्यांचा येथे थोडक्यात उल्लेख करणे भाग आहे. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकापासून तेथे निघत आहे. महाराष्ट्र दिन साजरा होतो, नाटके होतात, जुनी गाणी म्हणणाऱ्या बायकांची मंडळे आहेत. त्यांच्या नातवंडांची भाषा हिब्रू आहे, आणि त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. अधिक महत्त्वाचे हे की, ही नातवंडे आता नवगावच्या स्मारकापाशी, पेण-पनवेलच्या मंदिरांत आणि आपल्या आडनावाच्या गावी येऊ लागली आहेत, आणि त्यामुळे कोकणातील ज्या मंदिरांत मिन्यान जमण्याची आशा नाही, त्यांना निदान वर्षातून काही वेळा माणसांचा आवाज ऐकू येतो.

२०१६ च्या जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. शिष्यवृत्ती, शैक्षणिक संस्थांचे व्यवस्थापन, लग्नाची नोंद, जनगणनेतील स्वतंत्र मोजणी अशा बाबींत त्याचा उपयोग होईल; तो दर्जा मिळवायला सत्तर वर्षे का लागली, असे विचारणाऱ्यांना उत्तर एवढेच की समाजाने तो आग्रहाने मागितलाच उशिरा. दुसरीकडे काळा घोडा येथील निळे केनेसेथ एलियाहू हे मंदिर, १८८४ चे, नीट जपून दुरुस्त करण्यात आले आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा सन्मान मिळाला. दुरुस्ती उत्तम झाली, पाहणारेही पुष्कळ येतात. पण हे मंदिर दक्षिण मुंबईत, उद्योगपतींच्या देणगीच्या पल्ल्यात आहे. आंबेपूर किंवा बोर्ली त्या पल्ल्यात नाही, आणि तेथे छप्पर शाकारण्याचा खर्च कोणी करावयाचा याचा निर्णय मोजक्या विश्वस्तांवर सोपविलेला राहतो.

इमारतींपेक्षा घाईचे काम कागदांचे आहे. कीर्तनांची आख्याने, शिळाछापावरील हगादा, राजपूरकरांची भाषांतरे, बेने इस्रायल वार्षिकाचे अंक, मंदिरांच्या जमाखर्चाच्या व लग्ननोंदीच्या वह्या ही सर्व सामग्री मराठीत आहे, म्हणून ती जितकी ज्यू समाजाची तितकीच मराठीचीही मालमत्ता आहे. आणि तिची यादी करण्याचा भार ज्या समाजाला मिन्यान जमवितानाच दमछाक होते त्याच्यावर टाकणे न्यायाचे होणार नाही. मुंबई व पुणे येथील विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते अंगावर घ्यावे, असे मला वाटते. त्यासाठी हिब्रू जाणणारा एक, एकोणिसाव्या शतकातील शिळाछाप सराईतपणे वाचणारा एक, आणि दोघांना तीन वर्षे पगार देण्यास तयार असलेली एक संस्था, एवढेच लागेल. पहिले दोघे शोधल्यास मिळतील.